सीझेड 457 साठी स्कोप आणि माउंट: हजार डॉलरमध्ये काय बसवावं?

नेमबाज_प्लेनो

मंडळी, रायफल घेऊन झाली, आता गाडी स्कोपवर, म्हणजे वर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीवर, अडकली आहे.

थोडी पार्श्वभूमी. मी टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. ऑफिसातला एक मित्र एनआरएल 22 नावाच्या .22 रायफलींच्या स्पर्धेच्या क्लब मॅचला घेऊन गेला आणि तिथेच किडा चावला. .22 एलआर, सगळी टार्गेटं 100 यार्डांच्या आत, पण शूटिंग मात्र शिडीवरून, टायरवरून, खुर्चीच्या पाठीवरून, आणि तेही घड्याळ लावून. ग्रीन कार्ड हातात आल्यावर सीझेड 457 घेतली, जाड बॅरलची एमटीआर. रायफल झकास आहे. पण वर पिकॅटिनी रेल (खाचांची ठरीव मापाची पट्टी) नाही, नुसता 11 मिलिमीटरचा डव्हटेल (तिरक्या कडांची खोबण).

बजेट हजार डॉलर, स्कोप, बेस (रायफलीवर आवळायची पट्टी), रिंगा (स्कोप धरणारी कडी) सगळं धरून. याच्यावर गेलो तर घरी चहा मिळणार नाही.

माझ्या यादीत तीन आहेत: व्होर्टेक्स व्हायपर पीएसटी जेन 2 (5-25x50, म्हणजे 5 ते 25 पट झूम आणि पुढचं भिंग 50 मिमीचं), अ‍ॅथलॉन आर्गोस बीटीआर जेन 2 (6-24x50) आणि आर्केन ईपी5 (5-25x56). दुकानात काउंटरवर उभं राहून समोरच्या पार्किंगमधल्या नंबरप्लेटा वाचून पाहिल्या. तिन्हीतून स्वच्छ दिसलं, मग निवडायचं कशावरून?

शिवाय हे प्रश्न:
मिल घ्यावं की एमओए (दोन्ही कोनाची मापं)? 25 पटीच्या वर जावं का? ट्यूब (स्कोपची नळी) 30 मिमी की 34? 20 एमओएचा बेस म्हणजे नक्की काय भानगड? दुकानदार म्हणतो, रिंगा काय, कुठल्याही चालतात. खरं आहे का?

क्लब मॅचशिवाय एका ओळखीच्या रँचवर 200 आणि 300 यार्डांवर .22 मारायची हौस आहे, तेही डोक्यात ठेवा.

ऑस्टिनचा_बंड्या

एकच सल्ला: थांब आणि पैसे साठव. व्होर्टेक्स रेझर नाहीतर नाइटफोर्स एटीएसीआर. एकदाच रड, पुन्हा रडावं लागणार नाही. स्वस्त स्कोप घेणारा दोनदा घेतो. माझ्या एटीएसीआरमधून संध्याकाळी उशिरा जे दिसतं ते हजाराच्या स्कोपमधून दिसणार नाही, लिहून घे.

भोसरीचा_फिटर

बंड्याशेठ, तुमचा एटीएसीआर उत्तमच आहे, वाद नाही. पण पोरगा हजार डॉलर म्हणतोय आणि तुम्ही त्याला तीन-साडेतीन हजारांचं दुकान दाखवताय. क्लबची मॅच सकाळी असते, संध्याकाळी उशिरा नव्हे.

नेमबाज, मी फिनिक्सला असतो, बेन एव्हरीच्या रेंजवर नेहमी जाणं होतं. त्याआधीची माझी नोकरी भोसरीच्या टूलरूममधली. त्यामुळे माझा सल्ला थोडा फिटरछाप असणार, चालवून घे.

दुकानात नंबरप्लेट वाचून स्कोप निवडता येत नाही. पार्किंग 60-70 यार्डांवर, ऊन लख्ख, डोळा निवांत. त्या परीक्षेत सगळे पास होतात. स्कोप हे आधी मोजमापाचं यंत्र आहे आणि मग दुर्बीण. आमच्याकडे मायक्रोमीटर घेताना त्याची चकाकी कुणी बघत नसे. शंभर वेळा फिरवून परत शून्यावर आणला तर शून्यच दाखवतो का, एवढंच बघायचे. स्कोपच्या टरेटचंही (नेम वर-खाली करायच्या घुंडीचंही) तेच. 6 मिल वर चढवले तर खरोखर 6 मिलच चढले पाहिजेत, आणि परत उतरवले की गोळी जुन्याच भोकात गेली पाहिजे. भिंग थोडं पिवळट असेल, कडेला थोडं धूसर असेल, तरी मॅच मारता येते. डायल खोटारडा असेल तर जगातलं सगळ्यात स्वच्छ भिंगही काही कामाचं नाही. चुकलेली गोळीच काय ती स्वच्छ दिसेल.

आता तुझे प्रश्न, मला सुचतील त्या क्रमाने.

मिल की एमओए. मिल घे. कारण साधं आहे, तुझ्या स्क्वाडमधले बहुतेक जण मिलमध्ये बोलणार. "वाऱ्याला पॉइंट तीन धर" असं कुणी ओरडलं की डोक्यात भागाकार करत बसायला वेळ नसतो. आपण शाळेत मेट्रिक शिकलेलो, म्हणून मिल डोक्यात लगेच बसतं: 100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सेंटिमीटर, 0.1 मिलचा एक क्लिक म्हणजे 1 सेंटिमीटर. इथली रेंज यार्डांत असते, तिथे 1 मिल म्हणजे 3.6 इंच. पण इंच-सेंटिमीटर खरं तर विसरून जा. मिल हा कोन आहे. गोळी रेटिकलवर (स्कोपमधल्या नेमाच्या रेघांवर) जितकी खाली दिसली तितकंच डायल करायचं, अंतर मनात आणायचंच नाही. त्यासाठी एक अट: टरेट मिलचा आणि रेटिकल एमओएचं असली खिचडी घ्यायची नाही. जुन्या सेकंडहँड मालात ही अजून सापडते.

रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमधलं हवं. म्हणजे झूम कमी-जास्त केला की रेटिकलही तेवढंच लहान-मोठं होतं आणि रेघांची मापं प्रत्येक झूमला खरी राहतात. सेकंड फोकल प्लेनमध्ये ती मापं एकाच ठरावीक झूमला बरोबर असतात, बहुधा सगळ्यात वरच्या. तू मॅचमध्ये 12 पटीवर असशील, वरच्या पटीवर नाही. तुझ्या यादीतले तिन्ही फर्स्ट फोकल आहेत, तेव्हा इथे चिंता नाही.

झूम. 25 च्या वर जाऊ नकोस, आणि 25 चाही बाऊ करू नकोस. तुमच्या टेक्ससात काय आणि आमच्या अ‍ॅरिझोनात काय, सकाळी दहा वाजले की जमिनीवरून वाफा उठायला लागतात. झूम जितका जास्त तितकी ती उकळी मोठी दिसते. शिवाय झूम वाढला की दिसणारं क्षेत्र आकसतं, डोळा ठेवायची जागा चिंचोळी होते, आणि शिडीवरून टार्गेट शोधतानाच तुझे दहा सेकंद जातात. माझा स्कोप मॅचमध्ये 10 ते 14 च्या मधेच असतो. वरची पट मी झीरो करताना (एका ठरावीक अंतराला नेम आणि गोळी जुळवताना) आणि कागदावर ग्रुप (एकाच नेमाच्या गोळ्यांचा पुंजका) काढताना वापरतो, बस्स.

पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल टार्गेटवरून सरकल्यासारखं दिसणं. हे .22 वाल्यांनी सगळ्यात आधी बघायचं आणि ब्रोशरमध्ये ते सगळ्यात खाली लिहिलेलं असतं. पीएसटीची बाजूची घुंडी 25 यार्डांपर्यंत येते, आर्गोसची 10 पर्यंत. मोठ्या कॅलिबरवाल्याला याचं काही नाही, पण .22 च्या मॅचमध्ये जवळचं बारीक टार्गेट हमखास येतं. 25 वर पीएसटीचं भागतं, त्याच्याही आत आलं की चित्र मऊ पडणार. आणि त्या घुंडीवर छापलेले आकडे अंतर म्हणून वापरू नकोस. रायफल बॅगवर पक्की ठेव, हात लावू नकोस, डोकं फक्त मुंगीएवढं वर-खाली कर आणि बघ, रेटिकल टार्गेटवरून सरकतंय का. सरकत असेल तर घुंडी किंचित फिरव, पुन्हा बघ. सरकायचं थांबलं की तुझ्या स्कोपचा तुझा आकडा तो. त्यावर पांढऱ्या पेनाने खूण कर.

पण त्याच्या आधी डोळ्याकडचं फोकस नीट लाव. बरेच जण हे करतच नाहीत आणि मग पॅरालॅक्सच्या नावाने बोटं मोडतात. स्कोप निरभ्र आकाशाकडे नाहीतर पांढऱ्या भिंतीकडे धर (सूर्याकडे नव्हे रे बाबा). डोळे मिट, उघड, आणि उघडल्याच्या पहिल्या क्षणी रेटिकल काळंभोर, धारदार दिसतं का ते बघ. टक लावून पाहत राहिलास तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुला सगळंच बरोबर वाटतं. म्हणून झटकन बघायचं, मान वळवायची, आयपीस थोडा फिरवायचा, पुन्हा बघायचं. एकदा जमलं की तिथेच ठेवायचं.

ट्यूब 30 की 34. जाड ट्यूबने उजेड जास्त येतो हा दुकानदारांचा लाडका गैरसमज आहे. उजेड पुढच्या भिंगावर आणि काचेच्या लेपावर ठरतो. जाड ट्यूबमध्ये आतल्या नळीला वर-खाली हलायला जागा जास्त मिळते, म्हणजे टरेटचा एकूण प्रवास वाढू शकतो. तुला 300 यार्डांचं .22 मारायचंय म्हणून हा प्रवास कामाचा, पण तो बेस लावून 30 मध्येही मिळतो. रिंगा घेताना मात्र ट्यूबचं माप डोळ्यांत तेल घालून बघ. ल्युपोल्डचा मार्क 5एचडी 35 मिमीचा आहे, 34 चा नाही, आणि झिरो कॉम्प्रोमाइझचे 36 चे. लोक 34 च्या रिंगा मागवून बसतात.

आता बेस, कारण खरी गंमत इथे आहे. पीएसटीचा एकूण वर-खाली प्रवास 20 मिलचा. स्कोप सपाट बेसवर बसवला तर रेटिकल साधारण मध्यावर, म्हणजे वर जायला 10 मिल उरले. .22 ची गोळी 50 यार्डांना झीरो करायलाच त्यातले तीनेक मिल जातात. राहिले 7. आता सेकंदाला 1,070 फूट वेगाचं नेहमीचं 40 ग्रेनचं काडतूस घे: 50 ला झीरो असेल तर 100 ला साधारण 2 मिल, 200 ला 7, आणि 300 ला तेराच्या आसपास मिल चढवावे लागतात. म्हणजे 300 चं स्वप्न सपाट बेसवर संपलं.

मग बेसच पुढे उतरता करायचा, म्हणजे स्कोपचं नाक खाली, आणि टरेटचा जो खालचा प्रवास वाया जात होता तो वर वापरता येतो. 20 एमओए म्हणजे 5.8 मिल, 25 एमओए म्हणजे 7.3 मिल. 25 चा लावलास तर 7 अधिक 7.3, हातात 14 मिल. 300 जमतं. तुझ्या सीझेडसाठी डव्हटेलवर आवळून बसणारे 25 एमओएचे पिकॅटिनी बेस मिळतात, तोच घे. 50 ला झीरो होईल की नाही अशी भीती बाळगू नकोस, खाली अजून साडेपाच मिल शिल्लक राहतात. रुगर प्रिसिजन रिमफायरवर तर कारखान्यातूनच 30 एमओएची रेल येते.

वीव्हर आणि पिकॅटिनी एकच समजू नकोस. लांबून सारखेच दिसतात. पिकॅटिनीची खाच 5.23 मिमी रुंद, दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं, 10.01 मिमी. वीव्हरची खाच 4.57. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बसतात पण खाचेत पुढे-मागे खेळतात. पिकॅटिनीच्या रिंगा वीव्हरवर बसतच नाहीत.

"रिंगा कुठल्याही चालतात" म्हणणाऱ्याला माझा रामराम. चाळीस डॉलरच्या रिंगांची जोडी मी ब्ल्यू लावून बघितली आहे. टूलरूमवाल्यांना माहीत आहे: निळा रंग पातळ फासायचा, गोल दांडा आत ठेवून आवळायचा, सोडवून बघायचं कुठे कुठे रंग उचलला. दोन्ही कडांना बोटभर निळे ठिपके आणि मधे सगळं कोरडं. म्हणजे स्कोपची अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब पूर्ण कवेत न धरता दोन धारांवर तोलून धरलेली. असला स्कोप वर बसवला की ट्यूब चिमटते, आतली यंत्रणा अडखळते, आणि दोष बिचाऱ्या स्कोपच्या कंपनीला. काही लोक अशा रिंगा घासून जुळवतात, लॅपिंग म्हणतात त्याला. स्वस्त पोलादी रिंगांना ठीक. पण चांगल्या, एकाच सेटिंगमध्ये मशिन केलेल्या रिंगांना कानस लावणं म्हणजे पैसे देऊन घेतलेली अचूकता घासून टाकणं.

तुझ्या बजेटमध्ये दोन पर्याय. व्होर्टेक्सच्या प्रिसिजन मॅच्ड रिंगा, नाहीतर बरिसच्या एक्सटीआर सिग्नेचर रिंगा. बरिसच्यात आत प्लास्टिकचे गोलाकार तुकडे असतात, ते बेसच्या चुकीशी स्वतःच जुळवून घेतात आणि ट्यूबवर ओरखडा येत नाही. त्याच तुकड्यांच्या कमी-जास्त जाडीच्या जोड्या मिळतात, म्हणजे बेसमध्ये कमी पडलेले 5-10 एमओए रिंगेतूनही काढता येतात. .22 साठी मला हीच आवडते. स्वीडनचा स्पूअर फार देखणा माउंट आहे, एकाच तुकड्यातला, मागे पाणसळ बसवलेली, पण तुझ्या स्कोपच्या निम्म्या किमतीचा. पुढच्या दिवाळीला.

रिंगेची उंची: एक कंपनी बेसपासून ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजते, दुसरी ट्यूबच्या बुडापर्यंत. "मीडियम" या शब्दाला काही अर्थ नाही, मिलिमीटर बघ. पुढची घंटी (भिंगाकडचा फुगीर भाग) बॅरलला टेकता कामा नये, एवढंच. एमटीआरचं बॅरल जाड आहे, पण बेसची उंचीही मिळते, त्यामुळे खूप उंच रिंगा लागणार नाहीत.

बसवताना, हे नीट वाच.

आधी बेस. डव्हटेल आणि बेसचं बूड स्पिरिटने पूस, तेलाचा थेंब नको. मग रिंगा बेसवर, आणि दोन्ही रिंगा खाचेत पुढे ढकलून मगच आवळ, म्हणजे धक्का बसला तरी त्या आधीच टेकलेल्या असतील. स्कोप आत ठेव, वरच्या टोप्या हाताने लाव, स्कोप सरकेल इतपतच.

आता आडवा हो, खरोखर जमिनीवर. झूम सगळ्यात वर, कारण तिथे डोळ्याची जागा सगळ्यात कडक असते. डोळे मिटून गाल ठेव, मग उघड. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप पुढे-मागे कर. मग बसून कर, उभा राहून कर. उभं राहिलं की डोकं मागे जातं, म्हणून मी आडव्या स्थितीपेक्षा किंचित मागे ठेवतो.

मग सरळपणा. लोक रायफलवर पाणसळ आणि टरेटच्या टोपणावर पाणसळ ठेवतात. टोपण सपाट असेलच असं नाही. त्यापेक्षा 50 यार्डांवर ओळंबा टांग. भिंतीला लावतो तो गवंड्याचा ओळंबा, जाड दोरी, वारा नसलेली वेळ. रेटिकलची उभी रेघ त्या दोरीवर जुळव. महत्त्वाचं हे की गोळी सुटताना रेटिकल गुरुत्वाकर्षणाशी समांतर पाहिजे. रायफल अंशभर कलली तरी चालेल, रेटिकल कललं तर नाही. 3 अंश कललेल्या रेटिकलने 200 यार्डांवर 7 मिल चढवले तर गोळी अडीच इंचांच्या आसपास बाजूला जाते, आणि माणूस दोष वाऱ्याला देतो. जुळलं की ट्यूबवर लावायची छोटी पाणसळ त्याच वेळी त्याच सरळ रेघेला बसवून टाक.

आवळणं टॉर्क पान्याने. इंच-पाउंडवाला घे, व्हीलरचा येतो, साठ-सत्तर डॉलरच्या आसपास. टोप्यांचे स्क्रू बहुतेक स्कोपना 15 ते 18 इंच-पाउंड. रिंगेच्या डबीतला कागद वाच, तो सांगेल ते प्रमाण. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे आळीपाळीने, थोडे थोडे, दोन्ही बाजूच्या फटी सारख्या राहतील असे. पुढच्या रिंगेचा एक कोपरा पुरा आवळून मग दुसऱ्याकडे गेलास तर तुझं ओळंब्याचं सगळं काम वाया, स्कोप आवळताना फिरतो. आणि धाग्यांना तेल किंवा लॉकटाइट लावून तोच आकडा वापरू नकोस. ओला धागा घसरतो, पान्यावर 18 दिसतात पण स्क्रू ताणलेला असतो कितीतरी जास्त.

शेवटी परीक्षा. 100 यार्ड टेपने मोज, रेंजच्या पाटीवर विश्वास नको. उंच पुठ्ठ्यावर ओळंब्याने उभी रेघ मार, खाली एक ठिपका. ठिपक्यावर नेम धरून ग्रुप काढ. मग 10 मिल चढव, नेम त्याच ठिपक्यावर, पुन्हा ग्रुप. दोन्ही ग्रुपच्या मध्यांत बरोबर 36 इंच पाहिजेत आणि वरचा ग्रुप रेघेवरच पाहिजे. सव्वापस्तीस भरले तर डायल 2 टक्के कमी देतोय, ते गोळीच्या हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये घालून भागतं. ग्रुप रेघेपासून बाजूला गेला तर रेटिकल कललंय. आणि खाली आणल्यावर जुन्या जागी आला नाही तर डबीत भर आणि परत पाठव. ही परीक्षा वापसीची मुदत संपायच्या आत करायची.

तुझ्या तिघांत मी काय घेईन? रँच मनात असेल तर पीएसटी, कारण टरेट पक्का आहे आणि झीरो-स्टॉप आहे, मॅचच्या गडबडीत एक पूर्ण चक्कर चुकून फिरत नाही. फक्त क्लब मॅच असेल तर आर्गोस पुरे, 10 यार्डांच्या पॅरालॅक्सासकट, आणि उरलेले पैसे काडतुसांत घाल. .22 मध्ये एकाच कंपनीचे दोन लॉट दोन वेगळ्या रायफलींसारखे वागतात. आर्केन पैशाच्या मानाने पुष्कळ देतो पण वजनाला धोंडा आहे, बॅरिकेडवर तोल जातो.

प्रोनवाली_कोल्हापूर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त गालाबद्दल बोलते.

मी 50 मीटर प्रोन (पालथं झोपून) मारते, आधी कोल्हापुरात, आता सराव बालेवाडीला. आमच्याकडे रायफलवर स्कोप चालतच नाही, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमात पीप साइट. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते बारीक भोकातून बघूनच. 50 मीटरवर आमचा दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा, मोठं करून दाखवणारं काही नाही. त्यामुळे डोळा दर शॉटला त्याच जागी येणं हेच सगळं. आणि तो कुठून येतो? गालातून.

स्कोपवाल्यांचं शूटिंग मी व्हिडिओत बघते तेव्हा अर्धे लोक हनुवटी लाकडावर टेकवून मुंडी उचलून बघतात. स्कोप उंच, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) खाली. मग काका म्हणतात ते पॅरालॅक्स प्रत्येक शॉटला वेगळं. तुझ्या एमटीआरचा स्टॉक लाकडी आहे, चीकपीस वर-खाली होत नाही. तेव्हा रिंगा शक्य तितक्या खाली घे आणि तरी उंच वाटलं तर चामड्याची पट्ट्यावाली गादी मिळते ती बांध. डोक्याचं पूर्ण वजन गालावर टाकून, मानेचे स्नायू सोडून, डोळा आपोआप मध्यावर आला पाहिजे. मान धरून ठेवावी लागत असेल तर ते माप चुकलंय. विसाव्या शॉटला कळतं.

आणि हो, दुसरा डोळा मिटू नकोस. आम्ही समोर दुधी पट्टी लावतो.

नेमबाज_प्लेनो

काका, प्रिंट काढून गॅरेजमध्ये चिकटवलं. ताई, गालाचं डोक्यातच नव्हतं, गादी मागवतो.

हिशेब असा मांडलाय: पीएसटी सेलमध्ये, 25 एमओएचा बेस, बरिसच्या रिंगा, टॉर्क पाना, पाणसळ. हजाराच्या थोडं आत बसतंय. दोन शंका उरल्या. एक, एनआरएल 22 च्या बेस क्लासमध्ये (कमी खर्चाच्या गटात) ही जोडी चालेल का? दोन, रिंगा बरिसच्या आणि बेसही 25 चा, तर रिंगेत ऑफसेटचे तुकडे घालायचे का?

भोसरीचा_फिटर

बेस क्लासला रायफल आणि स्कोप मिळून किमतीची मर्यादा असते आणि ती छापील किमतीवर धरतात, तुला सेलमध्ये कितीला मिळाला त्यावर नाही. सीझेड आणि पीएसटीची छापील बेरीज कर, तू बाहेर जाशील असं मला वाटतं. ओपनमध्ये उतर, तिथेही माणसंच असतात. बेस क्लासच हवा असेल तर आर्गोसचा विचार पुन्हा कर.

दुसरं: शून्याचे तुकडे घाल. 14 मिल हातात आहेत, 300 ला तेराच्या आसपास लागतात. उगाच आणखी नाक खाली केलंस तर 50 चा झीरो टरेटच्या अगदी तळाशी जाईल, आणि कडेला गेलेली स्प्रिंग नीट काम करत नाही. ऑफसेटचे बाकीचे तुकडे जपून ठेव.

रिचमंडचा_राजा

मध्येच विचारतो. मी एच-1बी वर आहे. मीही यांच्या मॅचला जाऊ का, मित्राच्या रायफलीने?

भोसरीचा_फिटर

नाही. घाई करू नकोस, हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं ताब्यात घ्यायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यातच येतं. अपवाद आहेत, राज्याचा वैध शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा. पण आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, मित्राला नाही आणि मलाही नाही. तोवर मॅचला जा, स्कोअर लिहायला माणसं कायम कमी असतात.

पेठेतला_एअरगनवाला

पुण्याहून. माझ्याकडे .177 ची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, 20 जूलच्या आतली. तिच्यावर इथून घेतलेला साधा स्कोप लावला होता, महिन्यात रेटिकल फिरलं आणि माउंट मागे सरकत सरकत डव्हटेलच्या टोकाला आला. नेमबाजभाऊ दिवाळीला येणार असतील तर एक आर्गोस घेऊन याल का? पैसे लगेच ट्रान्सफर करतो.

नेमबाज_प्लेनो

आणायला काही नाही, बॅगेत बसेल की?

भोसरीचा_फिटर

अजिबात आणू नकोस! बंदुकीचा स्कोप अमेरिकेबाहेर नेणं हे निर्यात नियंत्रणात येतं, वाणिज्य खात्याच्या यादीत त्याचा वेगळा नंबरच आहे. लायसनशिवाय बॅगेत टाकून विमानात चढणं म्हणजे शेजाऱ्याच्या एअरगनसाठी स्वतःचं ग्रीन कार्ड पणाला लावणं. दुर्बीण हवी तर खुशाल आण, स्कोप नाही.

पेठेतले राव, तुमचं दुखणं स्कोपच्या किमतीचं नाही. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन अडला की रायफल पुढे झटका खाते. दोन दिशांचे दोन धक्के, काही मिलिसेकंदांत. साधा स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो, पुढच्या झटक्याला त्याची आतली काच सुटते. तिथेच, पुण्या-मुंबईत, "स्प्रिंग रेटेड" असं स्पष्ट लिहिलेला घ्या, झूम 9-12 पुरे. माउंट एकाच तुकड्यातला, आणि खाली अडसराची पिन असलेला. तुमच्या डव्हटेलवर मागच्या बाजूला छोटं भोक आहे का बघा. ती पिन त्यात बसते आणि माउंट सरकायचा थांबतो. भोक नसेल तर माउंटच्या मागे डव्हटेलवर वेगळा अडसर आवळता येतो.

पेठेतला_एअरगनवाला

भोक आहे! तीन आहेत. आजवर ती डिझाइनची आहेत असं वाटत होतं. कुठल्यात बसवू?

भोसरीचा_फिटर

डोळ्याचं अंतर जुळेल त्यात. आधी स्कोप सैल ठेवून गाल लावून बघा, ताईंनी सांगितलंय तसं. मग जे भोक जवळ पडेल ते. पिन भोकात उतरल्यावर माउंट मागे ओढून टेकवा आणि मगच आवळा.